‘पोकळ सुई’चे रहस्य : चोराच्या हाती राजांचा वारसा

१९ ऑक्टोबर २०२५ रोजी सकाळी पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील अपोलो दालनात चोर शिरले. रस्त्यावर उभ्या केलेल्या मालवाहू शिडीने ते सज्जापर्यंत चढले, खिडकी कापून आत गेले आणि अवघ्या काही मिनिटांत फ्रेंच राजघराण्याचे आठ अलंकार घेऊन पसार झाले. या अलंकारांची किंमत ८ कोटी ८० लाख युरो असल्याचे सांगण्यात आले. सम्राज्ञी युजेनीचा मुकुट मात्र पळताना त्यांच्या हातून निसटला. या घटनेनंतर एका कल्पित चोराचे नाव पुन्हा चर्चेत आले. ते नाव आर्सेन ल्युपँ. इंग्रजीच्या वाटेने आपल्याकडे तो ‘लुपिन’ म्हणून परिचित आहे.

या ल्युपँने लूव्र फार पूर्वीच लुटले होते. मोरीस लब्लाँ यांच्या ‘लेग्वीय क्रोझ’, म्हणजे ‘पोकळ सुई’, या १९०९ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत तो आपल्या गुप्त दालनात एका मुलाला ‘मोनालिसा’ दाखवतो आणि हीच खरी, लूव्रमध्ये टांगलेली ती नक्कल, असे शांतपणे सांगतो. फ्रेंच रहस्यकथेतील अभिजात कृतींमध्ये या कादंबरीची गणना होते. शंभराहून अधिक वर्षांनंतरही ती वाचली जाते. कोडे, साहस आणि थोडीशी थट्टा यांच्या मिश्रणामुळे ती वाचनीय झाली आहेच; पण राष्ट्राचा ठेवा नेमका कोणाचा, हा प्रश्नही तिने हसत हसत उभा केला आहे.

मोरीस लब्लाँ यांचा जन्म ११ डिसेंबर १८६४ रोजी नॉर्मंडीतील रूआँ येथे झाला. हे फ्लोबेरचे गाव. फ्लोबेर आणि मोपासाँ यांच्या परंपरेतील गंभीर कादंबरीकार व्हावे, ही लब्लाँ यांची आकांक्षा होती आणि त्या वळणाच्या काही कादंबऱ्या त्यांनी लिहिल्याही. समीक्षकांनी बऱ्यापैकी दखल घेतली, वाचकांनी मात्र घेतली नाही. त्यांची धाकटी बहीण जॉर्जेत ही गायिका आणि अभिनेत्री म्हणून त्या काळी भावापेक्षा अधिक प्रसिद्ध होती.

१९०५ मध्ये प्रकाशक पिएर लाफित यांनी ‘ज्य से तू’ (मला सारे ठाऊक आहे) या नावाचे सचित्र मासिक सुरू केले. इंग्लंडमध्ये शेरलॉक होम्सच्या कथांनी ‘स्ट्रँड’ मासिकाला मिळवून दिलेला खप लाफित यांच्या डोळ्यांसमोर होता. त्यांनी लब्लाँ यांच्याकडे कथा मागितली आणि त्याच वर्षी १५ जुलैच्या अंकात ‘आर्सेन ल्युपँची अटक’ प्रसिद्ध झाली. पहिल्याच कथेत नायक गजाआड! पुढे लिहायचे कसे, असा प्रश्न लेखकाला पडल्याचे आणि तुरुंगातून सोडवा की त्याला, असे प्रकाशकाने सुचवल्याचे सांगितले जाते. कसेही असो, ल्युपँ सुटला आणि उरलेल्या आयुष्यभर लेखकाच्या मानगुटीवर बसला. १९०७ मध्ये या कथांचा पहिला संग्रह आला. त्याच्या नावातच ल्युपँला ‘सद्गृहस्थ घरफोड्या’ असे बिरुद होते.

हे दोन शब्द एकमेकांशेजारी ठेवण्यात सारी गंमत होती. इंग्रजीत अर्नेस्ट हॉर्नंग यांचा रॅफल्स हा सभ्य चोर १८९८ मध्येच अवतरला होता. मार्च १९०५ मध्ये फ्रान्समधील आमिएँ येथे मारियूस जाकोब या अराजकवादी घरफोड्याचा खटला गाजला होता. श्रीमंतांचीच घरे फोडणारा, न्यायालयात हजरजबाबी उत्तरे देणारा हा जाकोब म्हणजेच मूळ ल्युपँ, असे अनेकांनी लिहिले आहे. लब्लाँ यांनी ते मान्य केले नाही. दोघांत फरकही मोठा आहे. जाकोबला समाजव्यवस्था उलथवायची होती आणि त्याच्या वाट्याला जन्मठेपेचे काळे पाणी आले. ल्युपँला ती व्यवस्था तशीच हवी आहे. श्रीमंतांचे वाडे, किल्ल्या, तिजोऱ्या आणि दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रे नसतील तर त्याने करायचे काय?

‘पोकळ सुई’ नोव्हेंबर १९०८ ते मे १९०९ या काळात ‘ज्य से तू’ मधून क्रमशः प्रसिद्ध झाली. सुरुवात दिएपजवळच्या एका वाड्यात होते. रात्री दोन तरुणींना खालच्या मजल्यावर आवाज ऐकू येतो. त्यांच्यापैकी रेमाँद द सँ-व्हेराँ बंदूक उचलून पळणाऱ्यावर गोळी झाडते. माणूस कोसळतो, पुन्हा उठतो, पुन्हा कोसळतो आणि चोहोबाजूंनी वेढलेल्या पडक्या मठाच्या आवारातून नाहीसा होतो. वाड्यातील चिटणीस मृतावस्थेत सापडतो. अनेकांनी चोरांना सामान वाहून नेताना पाहिलेले असते आणि तरीही तपासात दिसते की काहीच चोरीला गेलेले नाही.

हा गुंता सोडवणारा माणूस पोलीस नाही, खासगी गुप्तहेरही नाही. इझिदोर बोत्रले हा पॅरिसच्या जाँसाँ-द-साय्यी विद्यालयाचा विद्यार्थी आहे. खोटी दाढी लावून, वार्ताहर म्हणून तो वाड्यात शिरतो, पकडला जातो आणि मग तपास करणाऱ्या न्यायाधीशालाच प्रकरण समजावून सांगतो. भिंतीवरची रुबेन्सची चारही चित्रे जागच्या जागी दिसतात, कारण त्या नकला आहेत. मूळ चित्रे गेली. गोळी लागलेला माणूस म्हणजे खुद्द ल्युपँ. लब्लाँ यांनी येथे मोठे धाडस केले आहे. लोकप्रिय नायकाला त्यांनी पहिल्याच प्रकरणात जखमी करून कथेबाहेर ठेवले आणि वाचकाला त्याच्या शत्रूच्या, तेही एका शाळकरी मुलाच्या, खांद्यावरून जग पाहायला लावले. ल्युपँ पुढे सतत जवळपास असतो. फक्त तो कोण आहे, हे कळत नाही.

टिंबे आणि आकडे

कादंबरीचा गाभा एका चिठोऱ्यात आहे. त्यावर पाच ओळी आहेत आणि त्यांत बहुतांशी टिंबे व आकडे. ही सांकेतिक लिपी समजून घेण्यासारखी आहे, कारण ती अतिशय साधी आहे. फ्रेंचमधील पाच स्वरचिन्हांना अनुक्रमे आकडे दिलेले आहेत: ए म्हणजे १, ई म्हणजे २, आय म्हणजे ३, ओ म्हणजे ४ आणि यू म्हणजे ५. (येथे रोमन अक्षरांची आपल्याला परिचित नावे दिली आहेत.) प्रत्येक व्यंजनाच्या जागी नुसते टिंब. शेवटच्या ओळीची सुरुवात १, ३, टिंब, ५, ३, टिंब, टिंब, २ अशी आहे. या साच्यात ‘एग्वीय’ म्हणजे ‘सुई’ हा फ्रेंच शब्द अचूक बसतो. त्याच ओळीतील उरलेल्या खुणांत ‘क्रोझ’ म्हणजे ‘पोकळ’ बसतो. दुसऱ्या ओळीत ‘दम्वाझेल’ म्हणजे ‘कुमारिका’ असा शब्द निघतो.

अशा लिपीचा दोष उघड आहे. टिंबाच्या जागी कोणतेही व्यंजन येऊ शकते, त्यामुळे एका साच्यात अनेक शब्द बसू शकतात. हेर खात्याने असली लिपी वापरली तर हसे होईल. कादंबरीला मात्र हाच दोष उपकारक ठरतो. बोत्रलेला शब्द बरोबर सापडतात, पण अर्थ चुकीचा लागतो. ‘कुमारिका’ म्हणजे वाड्यातील दोघी तरुणी, असे त्याला आधी वाटते. ‘क्रोझ’ या शब्दाचे तर दोन अर्थ आहेत. तो ‘पोकळ’ या अर्थाचे विशेषण आहे आणि मध्य फ्रान्समधील एका नदीचे व तिच्यावरून नाव पडलेल्या जिल्ह्याचे नावही आहे. विशेषनाम असते तर पहिले अक्षर मोठ्या लिपीत असते; पण टिंबांत मोठे अक्षर आणि लहान अक्षर असा भेद कुठून असणार? देवनागरी वाचणाऱ्याला ही अडचण चटकन कळेल. बोत्रले क्रोझ भागात जातो आणि तेथे ‘सुई’ याच नावाचा वाडा खरोखर सापडतो. त्याच वाड्यात ल्युपँने बोत्रलेच्या वडिलांना डांबलेले असते. मुलगा वडिलांना सोडवतो, देशभर त्याचा जयजयकार होतो.

आणि मग त्याच्या ध्यानात येते की तो फसला आहे. हा वाडा चौदाव्या लुईने मुद्दाम बांधवून घेतलेली हुलकावणी आहे. १७व्या शतकात गुपित फुटण्याची वेळ आली, तेव्हा शोधणाऱ्यांना भलत्या जागी नेण्यासाठी राजाने त्या नावाची वास्तूच उभी केली. इतिहासात असे काही घडलेले नाही. पण संशोधकाला खोटा पुरावा पुरवण्याची ही कल्पना आजही चपखल वाटते. दुसरीकडे, ज्या विद्वानावर बोत्रलेने विश्वास टाकला तो अकादमीचा सदस्य मासिबाँ म्हणून भेटलेला गृहस्थही ल्युपँच होता.

खरे उत्तर पहिल्या ओळीत दडलेले असते आणि तेथे ‘एत्रता’ हे गावाचे नाव बसते. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरील एत्रताचे पांढरे खडूचे कडे, त्यांतील नैसर्गिक कमानी आणि समुद्रातून सरळ वर आलेला टोकदार सुळका फ्रान्समध्ये सर्वांना ठाऊक आहेत. या सुळक्याचे नावच ‘सुई’. कूर्बे आणि मोने यांनी तो रंगवला होता. मोपासाँचे बालपण याच गावात गेले. १९०९ च्या वाचकाने तो पोस्टकार्डांवर अनेकदा पाहिला असणार. लेखकाने उत्तर वाचकाच्या डोळ्यांपुढे ठेवले होते आणि तरी ते कोणाला दिसले नाही. जवळच्या कड्यातील एका गुहेला ‘कुमारिकांची खोली’ हे नाव खरोखरच आहे. फ्रेफोसेच्या सरदाराने तीन बहिणींना कोंडून मारल्याची दंतकथा तिच्याशी जोडलेली आहे. लब्लाँ यांनी स्थानिक नावे जशीच्या तशी घेतली आणि फक्त एकच गोष्ट पदरची घातली: सुळका आतून पोकळ आहे. प्रत्यक्षात तो भरीव खडूचा आहे.

खरे आणि खोटे

ल्युपँच्या म्हणण्याप्रमाणे सीझरच्या काळापासून ही जागा ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती सत्ता, असा क्रम चालत आला. नॉर्मंडीचे ड्यूक, इंग्लंडचे राजे, मग फ्रान्सचे राजे. सोळाव्या लुईने मृत्यूपूर्वी ते गुपित मारी आंत्वानेतच्या हाती दिले आणि तेथे साखळी तुटली. शंभर वर्षांनी ती एका चोराने जोडली. हा इतिहास अर्थातच रचलेला आहे आणि काही ठिकाणी फार ताणलेला आहे. लोखंडी मुखवट्याच्या कैद्यालाही त्यात ओढून आणण्याची गरज नव्हती. मधली काही प्रकरणे यामुळे जड झाली आहेत, हे मान्य करावे लागेल.

तरीही त्या काळच्या फ्रेंच वाचकाला हा ‘राजांचा खजिना’ नुसता परीकथेतला वाटला नसेल. १८८७ मध्ये तिसऱ्या प्रजासत्ताकाने राजमुकुटाच्या बहुतेक रत्नांचा जाहीर लिलाव केला होता. पुन्हा राजा होऊ इच्छिणाऱ्यांकडे प्रतीकच उरू नये, हा त्यामागचा हेतू होता. देशाची रत्ने जगभरच्या जवाहिऱ्यांकडे गेली. त्यांपैकी काही पुढे अनेक वर्षांनी लूव्रने परत मिळवली. २०२५ मध्ये अपोलो दालनातून गेलेल्या अलंकारांत अशा परत मिळवलेल्या वस्तूही होत्या.

सुळक्याच्या आतील दालनांतून ल्युपँ बोत्रलेला फिरवतो, तो प्रसंग कादंबरीतील सर्वांत रसाळ आहे. एकावर एक मजले, भिंतींवर युरोपातील संग्रहालयांची आणि वाड्यांची उत्तमोत्तम चित्रे. तो चित्रांपुढे नावे घेत जातो. त्यात एक सोन्याचा मुकुट दाखवून तो म्हणतो की सैताफेर्नेसचा खरा मुकुट हाच. १९०९ च्या वाचकाला या ठिकाणी हसू आवरले नसेल. लूव्रने १८९६ मध्ये सैताफेर्नेस राजाचा म्हणून एक प्राचीन सुवर्णमुकुट दोन लाख फ्रँक देऊन विकत घेतला होता. तो बनावट असल्याचे १९०३ मध्ये सिद्ध झाले. ओडेसाचा सोनार इस्राएल रुखोमोव्स्की याने पॅरिसला येऊन तो आपणच घडवल्याचे दाखवून दिले. ज्या संग्रहालयाने खोटे खरे म्हणून मिरवले, त्याच्याकडे ‘मोनालिसा’ तरी खरी कशावरून, असा हा टोला आहे.

दोन वर्षांनी या थट्टेला विलक्षण जोड मिळाली. २१ ऑगस्ट १९११ रोजी ‘मोनालिसा’ लूव्रमधून खरोखर चोरीला गेली. सोमवारी संग्रहालय बंद होते. चित्र जागेवर नाही, हे दुसऱ्या दिवशी ध्यानात आले. कवी आपोलिनेर यांना काही दिवस तुरुंगात काढावे लागले, पिकासोची चौकशी झाली. चोर निघाला विन्चेन्झो पेरुजा हा इटालियन कारागीर. त्याने दोन वर्षांहून अधिक काळ ते चित्र पॅरिसमधील आपल्या खोलीत दडवले आणि डिसेंबर १९१३ मध्ये फ्लॉरेन्सला विकायला नेले असता तो पकडला गेला. तेथे ना सुळका होता, ना भुयार. कल्पनेच्या मानाने वास्तव अगदीच सामान्य ठरले.

ल्युपँ मात्र हा खजिना विकत नाही. येथे कादंबरीचा शेवट सांगणे भाग आहे. ज्यांना ती वाचायची असेल त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा.

बोत्रलेला मदत करणारा, ‘सुई’ वाड्याचा मालक व्हालमेरा हाही ल्युपँच असतो. पहिल्या रात्री जिने त्याच्यावर गोळी झाडली, त्याच रेमाँदशी त्याने विवाह केलेला असतो. तिच्यासाठी तो चोरी सोडायला तयार आहे. खजिना तो फ्रान्सला अर्पण करतो. अट एकच: तो लूव्रमध्ये ठेवावा आणि त्या दालनांना आर्सेन ल्युपँचे नाव द्यावे. पोलीस आणि नौदलाच्या बोटींचा वेढा चुकवून तो पाणबुडीतून निसटतो आणि शेतावर घर करून राहू पाहतो. तेथे इंग्रज गुप्तहेर हेरलॉक शोल्मेस वाट पाहत असतो. त्याने ल्युपँवर झाडलेली गोळी मध्ये आलेल्या रेमाँदला लागते. पत्नीचा देह खांद्यावर घेऊन ल्युपँ अंधारात निघून जातो. इतका वेळ खेळासारखी चाललेली कथा एका पानात बदलते. ज्याने आयुष्यभर इतरांच्या वस्तू घेतल्या, त्याची स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट जाते आणि ती परत मिळवण्याची कोणतीही युक्ती त्याच्याकडे नसते.

शोल्मेस हे नाव वाचकाला ओळखीचे वाटेल. १९०६ मध्ये लब्लाँ यांनी एका कथेत सरळ शेरलॉक होम्सलाच आणले होते. आर्थर कॉनन डॉईल यांनी हरकत घेतल्यावर नावातील अक्षरांची अदलाबदल करून हेरलॉक शोल्मेस तयार झाला. या कादंबरीत लब्लाँ यांनी त्याला निष्ठुर आणि निष्प्रभ केले आहे. तो फ्रेंच अभिमानाचा भाग असेल. पण बुद्धिमान प्रतिस्पर्ध्याला असे लहान केल्याने शेवटाचे बळ काहीसे कमी झाले आहे, असे म्हणता येते.

लब्लाँ यांना १९०८ मध्ये ‘लेजियाँ द ऑनर’ हा फ्रान्सचा सन्मान मिळाला. एत्रता येथे त्यांनी घर घेतले, तेथे अनेक उन्हाळे काढले आणि घराला ‘क्लो ल्युपँ’ असे नाव दिले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांना उत्तरेकडून दूर जावे लागले आणि ६ नोव्हेंबर १९४१ रोजी पर्पिन्याँ येथे त्यांचे निधन झाले. एत्रताचे ते घर त्यांच्या नातीने १९९९ मध्ये संग्रहालय म्हणून खुले केले.

जानेवारी २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर ‘ल्युपँ’ ही मालिका आली. तिचा नायक ल्युपँ नाही, ल्युपँची पुस्तके वाचून वाढलेला आसान दियॉप हा सेनेगलहून आलेल्या कामगाराचा मुलगा आहे. ओमार सी यांनी ती भूमिका केली. वडिलांवर चोरीचा खोटा आळ आला, ते तुरुंगात गेले, आणि मुलाने त्यांनी दिलेल्या पुस्तकातून सूड शिकला, अशी ही कथा. तिचा एक महत्त्वाचा प्रसंग एत्रताच्या किनाऱ्यावर घडतो. दीड हजारांहूनही कमी वस्तीच्या या गावात आधीच पर्यटकांची रीघ होती. मालिकेनंतर ती आणखी वाढली. खडूचा दगड ठिसूळ. पाऊस, दहिवर आणि लाटा यांनी कडे झिजतात, अधूनमधून मोठे तुकडे कोसळतात आणि हजारो पावलांनी वरच्या वाटा खचतात. किनाऱ्यावरचे गुळगुळीत गोटे आठवण म्हणून उचलून नेण्यास तेथे मनाई आहे आणि दंडही आहे, कारण लाटांचा जोर मोडण्याचे काम तेच करतात. तरीही ते खिशात घालणारे असतातच.

मराठी वाचकाला ल्युपँ वाचताना बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड आठवल्यावाचून राहणार नाहीत. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. त्यामुळे लब्लाँ यांनी हयातीत प्रसिद्ध केलेले लेखन येथे २००२ पासून मुक्त आहे; मूळ फ्रेंचमधून त्याचा मराठी अनुवाद करण्यास कोणाच्या परवानगीची आवश्यकता नाही. अनुवादकापुढे खरा पेच त्या चिठोऱ्याचा असेल, कारण टिंबांमागचे शब्द फ्रेंच आहेत आणि ‘क्रोझ’चे दोन अर्थ मराठीत एका शब्दात मावत नाहीत. तोपर्यंत अलेक्झांडर तेशेइरा द मातोस यांचा जुना इंग्रजी अनुवाद उपलब्ध आहे. तो वाचताना एवढेच ध्यानात ठेवावे की त्यात शोल्मेसचे नाव पुन्हा एकदा बदलून ‘होमलॉक शिअर्स’ असे केलेले आहे.